बर्गरची पॅटी आतून शिजली का? या चुका टाळा

नाशिकला गंगापूर रोडवर नाहीतर कॉलेज रोडवर बर्गर समोर आला, की बाहेरचा खरपूस रंग बघून आपण निर्धास्त होतो. चूक इथूनच सुरू होते. मटणाच्या अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात आणि तव्याच्या आचेने मरतात. खिमा केला की तेच जंतू पॅटीच्या पोटात जातात. रंगावर तर अजिबात विसंबू नका: खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी दिसू शकतो आणि नीट शिजलेलं चिकनही कधी गुलाबीसर राहतं.

खरा पुरावा मधल्या तापमानाचा. चिकनची पॅटी 74 अंश सेल्सिअस, मटण खिम्याची 71. हॉटेलच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर असला, तरी तो अनेकदा वरून खुपसतात. पातळ पॅटीत टोक थेट तव्याला टेकतं आणि आकडा तव्याचा येतो. बाजूने आडवा घाला, टोक बरोबर मध्यावर आणा, आकडा थांबेपर्यंत थांबा. सगळ्यात जाड पॅटी आणि तव्याच्या कडेची पॅटी हमखास तपासा, कारण कडेला आच कमी लागते. थर्मामीटरवरच शंका असेल तर बर्फाच्या पाण्यात 0 यायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र नाशिकला 100 ची वाट पाहू नका. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर पाणी 98 च्या आसपासच उकळतं.

फ्रोझन पॅटीचा घोटाळा वेगळा. तेल जास्त तापलं तर बाहेरचा चुरा लगेच लाल होतो, आत थंडच. एकदम खूप पॅट्या सोडल्या तर तेलच थंड पडतं. कच्च्या पॅटीचा चिमटा शिजलेल्या पॅटीला लावणं तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

गिऱ्हाइकाने काय करावं? पहिल्या घासाआधी बर्गर मधून कापा. मधोमध थंड, लिबलिबीत, चिकट लागलं तर परत द्या, आणि नवा बर्गर मागा. तीच पॅटी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून त्याच पावात घालून दिली तर घेऊ नका: कच्चा रस पाव-सॅलडला लागलेला असतो आणि मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना शंकेचा एक घासही नको.

घरी मागवलेला बर्गर दोन तासांत संपवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरात. पोट बिघडलंच, तर बिल आणि फोटो जपून ठेवा आणि बिलावरच्या 14 अंकी एफएसएसएआय (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांकासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.