स्टार्टर पेटीची केबल-छिद्रं: फूस आत जाणार नाही अशी कशी बंद करावीत

डाळ मिल असो, जिनिंग असो की साधं लेथचं वर्कशॉप, दोन हंगाम चाललेला स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारी पेटी) उघडला की तळाशी भुकटीचा किंवा रुईच्या फुसाचा थर दिसतो. बऱ्याचदा दरवाजाचं रबर चांगलं असतं. घाण येते ती केबलच्या भोकातून. दिवसा पेटी तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री पेटी निवते आणि तीच फट बाहेरची हवा धुळीसकट आत ओढते. पंखा नसला तरी पेटी अशी रोज श्वास घेते. फूस काँटॅक्टरच्या (कॉइलच्या चुंबकाने मोटरची वीज जोडणारा स्विच) गाभ्याच्या तोंडावर बसलं की गाभा पूर्ण मिटत नाही, काँटॅक्टर गुणगुणतो आणि शेवटी कॉइल जळते. काँटॅक्टच्या ठिणगीने ते फूस पेटलं तर जिनिंगमध्ये काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पेटीवर छापलेलं आयपी ५४ किंवा ५५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) हे सगळी छिद्रं त्याच दर्जाने बंद असतील तेव्हाचं आहे. एक भोक उघडं राहिलं की तो आकडा बाद.

आधी वीज, मग पेटी

मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद करा, त्याला कुलूप लावा, फ्यूज काढून खिशात ठेवा. टेस्टर किंवा मीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग पेटीत लावा, आणि पुन्हा चालू लाइनवर तपासून तो बिघडलेला नाही याची खात्री करा. आत ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणं व्होल्टेज राहतं. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ, साधारण ५ ते १० मिनिटं, थांबा आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावूनच हात घाला. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

ग्लँड केबलच्या जाडीवरून निवडा

ग्लँड म्हणजे पेटीच्या भोकात बसून केबल घट्ट धरणारा आणि फट बंद करणारा रबर-टोपीचा भाग. दुकानात जाऊन नुसता ‘पाऊण इंची ग्लँड द्या’ म्हणू नका. केबलच्या बाहेरच्या आवरणाचा व्यास व्हर्नियरने मोजा. नायलॉनचे पीजी मापाचे (जुनी जर्मन पद्धत) ग्लँड साधारण असे पकडतात: पीजी ९ मध्ये ४ ते ८ मिलिमीटर, पीजी ११ मध्ये ५ ते १०, पीजी १३.५ मध्ये ६ ते १२, पीजी १६ मध्ये १० ते १४ आणि पीजी २१ मध्ये १३ ते १८. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून पाकिटावरचा आकडा बघा. केबल या पट्ट्याच्या मध्यावर येईल असा ग्लँड घ्या. अगदी कडेच्या मापाला रबर नीट दाबलं जात नाही.

भोकाचं माप पीजी ११ ला सुमारे १९ मिलिमीटर, पीजी १६ ला २३ आणि पीजी २१ ला २८.८. मेट्रिक ग्लँड असेल तर एम २० ला २०.५ आणि एम २५ ला २५.५ चालतं. भोक आधीच मोठं पाडलेलं असेल तर वायसरवर वायसर चढवू नका. रिड्यूसर (मोठं भोक लहान करणारी रिंग) घ्या किंवा ग्लँड प्लेट (ग्लँड बसवायचा सुटा पत्रा) बदला.

एका ग्लँडमधून दोन केबल काढायचा मोह होतो. दोन गोल केबलींमध्ये तिकोनी फट उरते आणि रबर ती भरू शकत नाही. प्रत्येक केबलला वेगळा ग्लँड द्या, नाहीतर दोन छिद्रांचं रबर असलेला ग्लँड मागवा.

आर्मर्ड केबलला (आत लोखंडी तारांचं कवच असलेली) पितळेचा डबल कॉम्प्रेशन ग्लँड लावा. त्यात आर्मर पकडलं जातं आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही आवरणांवर सील बसतं. आर्मरची अर्थिंग ग्लँडमधून होत असल्याने त्याच्याखालचा रंग खरवडा किंवा अर्थ टॅग टाकून वेगळी वायर अर्थ बारला न्या. प्लास्टिकच्या पेटीत टॅगशिवाय पर्याय नाही.

भोक पाडताना

शक्यतो पेटीच्या तळातून प्रवेश घ्या. वरून घेतला तर वळवाच्या वादळी पावसात पत्र्यातून गळणारं पाणी थेट काँटॅक्टरवर उतरतं. बाजूने घेणं भाग असेल तर केबलला ग्लँडच्या खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

ग्लँड प्लेट सोडवून बाहेर भोकं पाडा. ती सुटत नसेल तर काँटॅक्टर, रिले, ड्राइव्ह सगळं पुठ्ठ्याने आणि टेपने झाका. ड्रिलचा लोखंडी कीस टर्मिनलमध्ये अडकला तर शॉर्ट होतो, आणि तो कधीकधी महिन्याभराने होतो. स्टेप ड्रिलने माप गाठा, गोल कानशीने धार मारा, उघड्या कडेला झिंक प्रायमर लावा.

स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मोटरला सहा सुट्या वायरी जात असतील तर यू१, व्ही१, डब्ल्यू१ एका भोकातून आणि उरलेल्या तीन दुसऱ्या भोकातून काढा. लोखंडी पत्र्यात एकेका फेजसाठी वेगळं भोक ठेवलं तर मोठ्या करंटला पत्राच तापतो.

बसवणं

सीलिंग वायसर बाहेरच्या बाजूला, लॉकनट आत. आधी लॉकनट कसा, मग केबल ओढून टोपी हाताने आवळा आणि पान्याने जेमतेम अर्धा फेरा द्या. नायलॉनची टोपी जास्त आवळली तर चिरते, किंवा रबर केबलचं आवरण चेपतं. केबल हाताने ओढून बघा. ती सरकायला नको.

रिकाम्या भोकांना चिंधी, एम-सील किंवा टेप नको. चिंधी फूस धरते, एम-सील पुढे केबल बदलताना पेटीसकट फोडावी लागते, टेप आपल्या उन्हात सुटते. मापाचा ब्लाइंड प्लग (भोक बंद करणारं बूच) लॉकनटसह बसवा. सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसेटिक सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांब्याचे भाग खातं. पत्र्याच्या पेटीत फोम भरू नका, तो पेटतो.

लवचीक पाइपमधून वायरी येत असतील तर पाइपच्या आतली पोकळीही बंद करा. बाहेरून ग्लँड घट्ट असतो आणि पाइपातून फूस, पाणी, पाली निवांत आत येतात. पेटीकडच्या टोकाला आग न पकडणारी सीलिंग पुटी वायरींभोवती दाबा.

हवेची छिद्रं वेगळी

इथेच खान्देशात चूक होते. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात, त्यापुढे करंट कमी धरावा लागतो. फूस नको म्हणून पंख्याची जाळी बंद केली तर ड्राइव्ह तापून ट्रिप होतो. जाळीला फिल्टर लावा आणि जिनिंगच्या हंगामात दर आठवड्याला तो झटकून साफ करा. फिल्टरने भागत नसेल तर ड्राइव्ह धूळ नसलेल्या खोलीत हलवा.

तपासणी

आत पेटता टॉर्च ठेवून दरवाजा बंद करा, शेडमधले दिवे घालवा. जिथून उजेड दिसेल तिथून धूळ येईल. दरवाजाच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढा. सहज निघाली तर रबर बदला किंवा बिजागरी घट्ट करा. शेवटी मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणारा मीटर) तपासा, किमान १ मेगओहम हवा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला तर ड्राइव्ह जागीच जळू शकतो.

पहिल्या आठवड्यानंतर ग्लँडच्या टोप्या पुन्हा एकदा पान्याने बघा. मोटरच्या थरथराटाने त्या सैल पडतात.