मोत्याच्या मालकाला नंबर सेव्ह करायला लावा

रत्नागिरी-मालवणकडे कुत्र्यामांजरांच्या ग्रूमिंग-बोर्डिंगचा (आंघोळ-केस कापणं आणि मालक नसताना सांभाळणं) धंदा असेल, तर महागडं सॉफ्टवेअर राहू द्या. आधी व्हॉट्सॲप बिझनेस नीट वापरा. गिऱ्हाइकांना लेबलं लावा: 'पावसात गोचीड', 'गणपतीत बोर्डिंग'. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम पण वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. मी इथेच चुकलो होतो. आता मोत्या टेबलावर अंग झाडत असतानाच मालकाला नंबर सेव्ह करायला लावतो. रेबीजच्या लसीची तारीख गूगल कॅलेंडरमध्ये दरवर्षी परत येईल अशी टाका, आठवण आठवडाभर आधीची. चतुर्थीला चाकरमानी येतात, फटाके वाजतात, कुत्री बिथरतात. बोर्डिंगचा मेसेज श्रावण लागतानाच सोडा. आणि पावसात रेंज गेली की वही लागतेच.