विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी परदेशी नेताय? मग या चुका टाळा

आमच्या कॉलेजातून आत्तापर्यंत दोन बॅच पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला नेल्या, पहिली १४ जणांची जूनमधे, दुसरी १२ जणांची नोव्हेंबरमधे, आणि दोन्ही वेळेला प्रोग्रॅमचा इन्चार्ज मीच होतो, त्यामुळे काय काय चुकतं ते अगदी जवळून बघितलंय. मी इतिहास शिकवतो, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात. लिस्बनच का, तर आमची पोरं रोज ज्या रेवदंड्याच्या तटबंदीतून एसटीने जातात, समोर खाडीपलीकडे जो कोर्लईचा किल्ला बघतात, त्याचे कागद तिकडे आहेत. वसई १५३४ ला पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेतली, पुढच्याच वर्षी चौलही मराठ्यांकडे आलं, हे सगळं आपण वर्गात शिकवतो पण दुसऱ्या बाजूने हे कसं लिहिलं गेलं ते पोरांनी कधी बघितलेलंच नसतं.

आता दापोली, रत्नागिरी, कुडाळकडचे शिक्षक फोन करून विचारतात की सर सुरुवात कुठून करायची. त्यांना मी एकच सांगतो, लिस्बनमधे फारसं काही बिघडत नाही, जे बिघडायचं ते सहा-आठ महिने आधी इथे आपल्या स्टाफरूममधेच बिघडलेलं असतं, तिकडे ते फक्त दिसतं.

आधी टूर ठरवली, मग अभ्यासक्रम चिकटवला

ही सगळ्यात मोठी चूक आणि पहिल्या वेळी मी ती पूर्णच्या पूर्ण केली. एजंटकडून १२ दिवसांचा प्लॅन घेतला, बेलेंचा मनोरा, जेरोनिमोसचा मठ जिथे वास्को द गामाची कबर आहे, एक दिवस पोर्तो, आणि मधे एक दिवस "अर्काइव्ह व्हिजिट" असं लिहून टाकलं. अर्काइव्ह म्हणजे तोरे दो तोंबो, पोर्तुगालचं राष्ट्रीय दफ्तरखाना. पोरं आत गेली, सोळाव्या शतकातल्या कागदाची प्रत समोर आली, शाई पलीकडून अलीकडे उतरलेली, अक्षर असं की आजच्या पोर्तुगीज माणसालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. दहा मिनिटं सगळे वाकून बघत होते, मग एकेकाने फोटो काढले, अर्ध्या तासात निम्मी पोरं बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. त्यांची काय चूक? मी त्यांना काहीच प्रश्न दिला नव्हता, नुसतं नेऊन उभं केलं होतं.

दुसऱ्या बॅचला उलटं केलं. जुलैपासून दर शनिवारी दोन तास. आधी पावसाची उघडीप बघून रेवदंड्याचा कोट आणि सातखणी बुरूज पायी फिरून मोजमापं घेतली, मग कोर्लई गावात गेलो, तिथे ख्रिश्चन वस्तीत अजून पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात, ते स्वतः तिला नौ लिंग म्हणतात म्हणजे आपली भाषा, तिथल्या आजी-आजोबांकडून रोजच्या वापरातले शब्द लिहून घेतले. आणि अर्काइव्हचे पुष्कळ कागद ऑनलाइन फुकट बघायला मिळतात, ते कॉलेजच्या लॅबमधे प्रोजेक्टरवर लावून दोघा-दोघांना एकेक पान दिलं. पूर्ण वाचायचं नाही, फक्त ओळखीचं एक नाव शोधायचं, चौल, दाभोळ, किंवा वसई, जिला ते बासाईं लिहायचे. चौलचीच एक मुलगी, तीन शनिवार त्या वळणावळणांच्या अक्षरात बोट फिरवत बसली होती, चौथ्या शनिवारी तिला "चौल" सापडलं आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाजूच्या वर्गातले सर बघायला आले. तीच मुलगी नोव्हेंबरमधे तोरे दो तोंबोमधे पाच तास जागची हलली नाही.

त्यामुळे आधी प्रश्न ठरवा, मग जागा, मग दिवस, आणि एजंट सगळ्यात शेवटी. आणि क्रेडिट देणार असाल तर तासांचा हिशोब विद्यापीठाकडून आधीच लेखी मंजूर करून घ्या, एक क्रेडिट म्हणजे १५ तास लेक्चर किंवा ३० तास प्रॅक्टिकल, बसमधून शहर बघितलेले तास यात धरता येत नाहीत. परत आल्यावर मंजुरी मागायला गेलात तर पोरांचे मार्क लटकतात.

हप्ते आणि आपलं कोकणचं कॅलेंडर

याच्याबद्दल कुठल्याच गाइडमधे लिहिलेलं नसतं म्हणून जरा सविस्तर. पहिल्या बॅचचा शेवटचा हप्ता मी १ जूनला ठेवला होता. आमच्याकडे निम्मी पोरं कोळीवाड्यातली. एक बाबा कॉलेजात आले, खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "सर, आजपासून बोट किनाऱ्याला लागली, आता नारळी पुनवेपर्यंत माझ्याकडं काय मागू नका." १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते हे मला काय माहीत नव्हतं का, लहानपणापासून बघतोय, पण हप्त्यांचं शेड्यूल करताना एक्सेल शीट समोर होती आणि समुद्र डोक्यात नव्हता. त्या मुलाचे पैसे आम्ही शिक्षकांनी मिळून भरले आणि त्यांनी सप्टेंबरमधे सगळे परत केले, पण त्या माणसावर ती वेळ माझ्यामुळे आली.

तर हप्ते असे ठेवा की कोळी घरांना सप्टेंबर ते मे मधे भरता येतील आणि बागायतदारांना आंब्याचे पैसे हातात आल्यावर, म्हणजे मे अखेरीला. एकच तारीख सगळ्यांना लावू नका, दोन-तीन पर्याय द्या. ऑगस्ट-सप्टेंबरमधे काहीही ठरवताना गणपती कधी आहेत ते बघा, त्या दिवसांत कोकणातलं कुणीही व्हिसाच्या अपॉइंटमेंटला मुंबईला येणार नाही आणि येऊही नये. आणि एकूण रकमेवर निदान दहा टक्के आकस्मिक खर्चाचे धरा, युरोचा भाव पैसे गोळा करताना एक असतो आणि भरताना दुसरा.

पासपोर्ट आहे म्हणाला म्हणजे आहे असं नाही

"पासपोर्ट आहे का" असं विचारलं की सगळे हात वर करतात. तसं विचारू नका, पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स मागा आणि स्वतः बघा. अकरावी-बारावीत काढलेला पासपोर्ट बऱ्याचदा मायनरचा असतो, तो पाच वर्षं किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल तोपर्यंतच चालतो. एफवायची मुलं नेमकी त्याच वयाची. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्या व्हिसाला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर अजून तीन महिने व्हॅलिड लागतो, मागच्या दहा वर्षांतला लागतो आणि दोन पानं कोरी लागतात.

नावाचा घोळ तर आपल्याकडे ठरलेलाच. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून असतं, कुणाच्या नसतं, मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. तिकीट काढताना पासपोर्टच्या तळाशी त्या बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात ना, त्यात जसं नाव आहे तसंच टाका, व्हॉट्सॲपवर पोरांनी टाइप करून पाठवलेलं नाव कॉपी करू नका. पहिल्या वेळी दोन तिकिटांची दुरुस्ती करायला गेलेले पैसे मला अजून आठवतात.

व्हिसा

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि साधारण १५ दिवसांत निर्णय येतो असं असलं तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, त्यामुळे तीन महिने आधीच्या अपॉइंटमेंट घ्या. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं, ग्रुपचा म्हणून एकाने जाऊन चालत नाही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो.

खरी अडचण कागदांची येते. खर्च आई-वडील करणार म्हणजे त्यांचं बँक स्टेटमेंट लागतं, आयटीआर मागतात, आणि आंब्याच्या बागेवर किंवा बोटीवर घर चालवणाऱ्या कितीतरी जणांकडे आयटीआर नसतो कारण शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही आणि धंदा बराचसा रोखीत. मग घाबरून लोक अर्जाच्या आठ दिवस आधी नातेवाइकांकडून दोन-तीन लाख घेऊन खात्यात भरतात. हे अजिबात करायला देऊ नका, अचानक आलेली रक्कम लगेच डोळ्यात येते आणि संशय वाढतो. त्यापेक्षा सहा महिने आधी पालकांची मीटिंग घ्या, सातबारा, बोटीचं लायसन्स, सोसायटीच्या पावत्या, जे खरं आहे ते गोळा करा, सोबत साधं पत्र जोडा की उत्पन्न कशातून येतं आणि वर्षातून कधी येतं. कॉलेजचं पत्र प्रत्येकाच्या नावाने वेगळं, त्यात कोर्सचं नाव, तारखा, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि परत आल्यावर कुठल्या सेमिस्टरला बसणार ते स्पष्ट लिहा.

एकटे शिक्षक जाऊ नका

१४ पोरांमागे मी एकटाच, कारण दुसऱ्या शिक्षकाचा खर्च पोरांवर पडेल असं वाटलं. नवव्या दिवशी २८ नंबरच्या ट्रामच्या गर्दीत एका मुलाची पाठीवरची सॅक कुणीतरी उघडली आणि पासपोर्ट गेला. आता पोलिसात तक्रार, मग भारतीय दूतावास, फोटो, फॉर्म, यात दीड दिवस, आणि बाकीची १३ पोरं? त्यांना हॉस्टेलवर बसवून ठेवावं लागलं, एक अख्खा दिवस वाया. दूतावासातून मिळालेलं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परत यायला चालतं, त्यावर तिसऱ्या देशात फिरता येत नाही हेही लक्षात ठेवा, म्हणजे तुमच्या प्लॅनमधे पुढे दुसरा देश असेल तर त्या मुलाला तिथूनच घरी यावं लागेल आणि सोबत कोण येणार हे तुम्हाला आधीच ठरवून ठेवायला हवं.

म्हणून दोन शिक्षक, मुली असतील तर त्यात एक मॅडम हव्यातच. पासपोर्ट रूमच्या लॉकरमधे, अंगावर झेरॉक्स, प्रत्येकाचे दोन जास्तीचे फोटो आणि स्कॅन कॉपी दोन्ही शिक्षकांकडे. ११२ हा नंबर सगळ्या युरोपात चालतो, तो फोनमधे सेव्ह करायला लावा.

आजारपण लपवलं जातं

फॉर्मवर "काही आजार आहे का" याला सगळे "नाही" लिहितात. पोरांना आणि पालकांना भीती असते की लिहिलं तर नेणार नाहीत. पहिल्या बॅचमधल्या एका मुलीला दमा आहे हे मला लिस्बनच्या चढावर कळलं, तो सगळा गावच चढ-उताराचा, दगडी फरसबंदीचा, ती मधेच भिंतीला टेकून बसली, ओठ पांढरे पडलेले, आणि पंप बॅगेत हॉस्टेलवर. मैत्रीण धावत जाऊन घेऊन आली म्हणून निभावलं. त्या दिवसानंतर मी प्रत्येक पालकाशी एकेकटं बोलतो, दार लावून, आणि आधी हेच सांगतो की काहीही असलं तरी मी नेणार आहे, फक्त मला माहीत पाहिजे. मग बोलतात. इन्शुरन्समधेही ते लिहावं लागतं नाहीतर क्लेम अडतो. औषधं मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिकडे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही.

बॅग, खाऊ, विमानतळ

यजमान प्राध्यापकांना हापूसची पेटी न्यायची इच्छा प्रत्येक कोकणी माणसाला होते, मलाही झाली, पण युरोपात ताजी फळं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे फळाला कीड-रोग नाही अशा सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. फळमाशी सापडल्यामुळे २०१४ मधे त्यांनी भारतीय आंब्यावर बंदीच घातली होती आणि २०१५ मधे उठवली, म्हणजे ते हे किती मनावर घेतात ते समजा. कढीपत्ताही नाही. खव्याची मिठाई, तूप, मटणाचं काहीही नाही. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही आणि पॉवर बँक उलट केबिन बॅगेतच लागते. कोकमं, कुळथाचं पीठ, भाजणी, लाडू बिनदुधाचे, एवढं पुरतं.

जूनमधे जाणार असाल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. वडखळला ट्रॅफिकमधे कधी अडकाल सांगता येत नाही, मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँच पावसात बंद असतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी तर कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल आणि घाटातली दरड दोन्ही धरून चालावं. मुंबई-लिस्बन थेट विमान नाही, मधे बदलताना युरोपातच इमिग्रेशन होणार असेल तर किमान तीन तास ठेवा आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या.

घरच्या फोनची वेळही ठरवून द्या. जूनमधे लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, पोरं रात्री नऊला निवांत झाली की इकडे दीड वाजलेला, आणि आई जागी. आम्ही तिकडची दुपारी दोनची वेळ ठेवली, इकडे साडेसहा, दिवेलागण.

मोकळा वेळच ठेवला नाही

सकाळी आठ ते रात्री आठ भरगच्च कार्यक्रम ठेवला की पालकांना बरं वाटतं, पोरं मात्र तिसऱ्या दिवशी गळतात. दुसऱ्या बॅचला रोज दुपारी अडीच तास मोकळे दिले, तिघांच्या गटाने फिरायचं, एकट्याने नाही, ठरलेल्या वेळी परत. त्यातच चांगलं शिकणं झालं असं माझं मत आहे. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या बाईने किल्ली पुढे करत "शाव" म्हटलं आणि आमचा एक मुलगा म्हणाला, सर, ही चावी म्हणतेय! मग संध्याकाळपर्यंत भाजीवाल्याकडे बटाटा, बेकरीत पाव, साफसफाईवाल्याकडे बादली, सगळ्यांनी वहीत लिहून आणलं आणि कोर्लईत लिहून घेतलेल्या शब्दांशेजारी लावून बघितलं.

परत आल्यावर सगळं थंड पडतं

पहिल्या बॅचचे रिपोर्ट मला मार्चपर्यंत मागत फिरावे लागले. आल्यावर लगेच लेक्चर, मग परीक्षा, कुणाला वेळ नसतो. दुसऱ्या वेळी तिकीट काढायच्या आधीच सादरीकरणाची तारीख आणि जागा ठरवली, डिसेंबरचा दुसरा रविवार, कोर्लई गावात, ज्यांनी शब्द सांगितले त्याच लोकांसमोर. पोरांना माहीत होतं की आजी समोर बसणार आहेत, म्हणून लिस्बनमधे रात्री जागून रेकॉर्डिंग नीट लावून ठेवत होती. त्या रविवारी स्पीकरवर लिस्बनच्या बाजारातल्या मासेवालीचा आवाज लावला तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजीने हात वर करून थांबवलं आणि म्हणाली, परत लाव, ती भाव सांगतेय.