मानसशास्त्राच्या वर्गात संशोधनपद्धती आणि नैतिकता शिकवताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या मानसशास्त्रात संशोधनपद्धतींचा धडा बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वाटेने जातो. फळ्यावर निरीक्षण, सर्वेक्षण, प्रयोग, व्यक्तिअभ्यास, प्रत्येकाचे गुण-दोष, आणि तासिका संपता संपता 'नैतिक तत्त्वे' म्हणून पाच ओळी. मुलं त्या ओळी पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुणही मिळवतात. मग प्रकल्प करायची वेळ आली की तीच मुलं इंटरनेटवरून नैराश्याची चाचणी उतरवतात आणि वर्गातल्या तीस जणांकडून नाव-रोल नंबरसकट भरून घेतात. पाच ओळी पाठ असूनही त्या इथे लागू होतात हे कोणाच्या लक्षात येत नाही. काय मोजायचं, कोणावर मोजायचं आणि त्यांना आधी काय सांगायचं, या प्रत्येक निर्णयात पद्धत आणि नैतिकता एकत्रच असतात. त्यामुळे चुकाही बहुधा जोडीने होतात.

मिलग्रॅमची गोष्ट रंगवून सांगणं

स्टॅन्ली मिलग्रॅमचा आज्ञापालनाचा प्रयोग वर्गात हमखास रंगतो. 'शिकणारा' चुकला की त्याला वाढत्या व्होल्टचा विजेचा झटका द्या, असं सहभागींना सांगितलं होतं; झटके खोटे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. येल विद्यापीठ, 1963 साली प्रसिद्ध झालेला अहवाल, 40 पुरुष, त्यांतले 26 म्हणजे 65 टक्के 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. वर्ग अवाक होतो, 'माणूस किती वाईट' यावर चर्चा झडते आणि तास संपतो. संशोधनपद्धती मात्र शिकवायची राहूनच जाते.

65 हा आकडा एका विशिष्ट मांडणीचा आहे. 'शिकणारा' शेजारच्या खोलीत असताना तो आला. त्याला त्याच खोलीत बसवल्यावर शेवटपर्यंत जाणारे 40 टक्क्यांवर आले. त्याचा हात स्वतः धरून धातूच्या पट्टीवर ठेवायचा होता तेव्हा 30 टक्क्यांवर, आणि प्रयोगकर्ता समोर नसून फोनवरून सूचना देत होता तेव्हा साधारण 20 टक्क्यांवर. हे चार आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा: यात बदललं काय आणि मोजलं काय? स्वतंत्र चल (जे बदलतो ते) आणि अवलंबी चल (जे मोजतो ते) यांच्या व्याख्या घोकून घेण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम जास्त पक्कं बसतं.

नैतिकतेचा भागही असाच नेमका करता येतो. 'सहभागींना ताण आला' एवढंच लिहून घेऊ नका. कोणी थांबू लागलं की प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्यं क्रमाने म्हणायचा. पहिलं 'कृपया पुढे चालू ठेवा' अशा अर्थाचं, तर चौथं 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जावंच लागेल' असं. माघार घेण्याचा हक्क नेमका कुठे मोडला, ते मुलांना या वाक्यांत बोट ठेवून दाखवता येतं. शिवाय हीच वाक्यं प्रयोगाची पद्धतही होती. ती काढली तर प्रयोगच उरत नाही. एक भर अशी घाला: नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी 84 टक्के लोकांनी सहभागाबद्दल आनंद व्यक्त केला होता. मग तो प्रयोग योग्य ठरतो का? वर्गाची सरळ दोन गटांत फाळणी होते, आणि ती व्हायलाच हवी.

फिलिप झिम्बार्डोच्या 1971 मधल्या स्टॅनफर्ड तुरुंगाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेल्या प्रयोगाच्या, बाबतीतही तेच. दोन आठवड्यांसाठी आखलेला प्रयोग सहाव्या दिवशी थांबवावा लागला, एवढं सगळे सांगतात. मुख्य संशोधकच तुरुंगाचा अधीक्षक होऊन बसला होता, म्हणजे 'आता पुरे' म्हणण्याची जबाबदारी बाहेरच्या कोणावर नव्हती, हे सांगायचं राहतं. याची नक्कल वर्गात 'रोल प्ले' म्हणून करू नका. तासाभराच्या खेळातही कोण कैदी होणार हे वर्गातली जुनी चिडवाचिडवीच ठरवते.

न मोजता येणारा विषय मंजूर करणं

'मोबाइलचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम'. दरवर्षी निम्मे प्रकल्प याच शीर्षकाचे असतात. मोबाइलचं काय, किती वेळ? परिणाम कशावर? विषय मंजूर करण्याआधी मुलांकडून एकच वाक्य लिहून घ्या: 'मी अमुक बदलणार आणि तमुक या एककात मोजणार.' मिनिटं, आठवलेले शब्द, चुकांची संख्या, असं काहीतरी त्यात आलंच पाहिजे. वाक्य जमलं नाही तर विषय तयार नाही.

जमलं तरी दुसरी चाळणी लावा. मोबाइल बाकावर ठेवलेला गट आणि दप्तरात ठेवलेला गट, ही मांडणी पद्धत म्हणून ठीक आहे. पण ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांची घरची परिस्थिती सगळ्या वर्गापुढे येते. अशा वेळी विषय बदलणंच शहाणपणाचं.

पर्याय म्हणून क्रेक आणि टल्विंग यांच्या 1975 च्या कामावर बेतलेला स्मृतीचा प्रयोग एका तासिकेत, निव्वळ कागदावर होतो. दोन प्रकारचे कागद करा, दोन्हींवर तेच 20 शब्द त्याच क्रमाने. एकावर सूचना: 'प्रत्येक शब्दात किती अक्षरं आहेत ते पुढे लिहा.' दुसऱ्यावर: 'हा शब्द तुम्हाला किती आवडतो, 1 ते 5 मध्ये लिहा.' प्रत्येक शब्दाला 3 सेकंद, म्हणजे एक मिनिट. कागद पालथे. मग 30 सेकंद 100 मधून तीन-तीन वजा करत आकडे लिहायचे, म्हणजे शेवटचे शब्द मनात घोळत राहत नाहीत. त्यानंतर 2 मिनिटांत आठवतील तेवढे शब्द. अर्थाकडे लक्ष दिलेल्या गटाला सहसा जास्त शब्द आठवतात.

बिघडतं ते शब्दांच्या यादीत. डबा, कात्री, ढग, पायरी, चमचा असे दोन-तीन अक्षरी, रोजचे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द घ्या. नदी, होडी, मासा असे लागोपाठ आले की एक आठवला म्हणजे बाकीचे आपोआप येतात. 'परीक्षा', 'साप', 'आई' यांसारखे शब्द सगळ्यांनाच आठवतात, त्यामुळे फरक दिसत नाही. आणि शेजारी बसलेल्यांना दोन वेगळे कागद दिले तर डोकावून पाहिलं जातंच. कागद देताना घडी घालून द्या आणि सूचना कागदावरच छापा, तोंडी सांगू नका.

या प्रयोगात एक छोटी लपवाछपवी आहे: नंतर शब्द आठवायचे आहेत हे आधी सांगितलेलं नसतं. म्हणून खुलाशासाठी त्याच तासिकेत 8 ते 10 मिनिटं राखून ठेवा. घंटा झाली, मुलं पांगली आणि 'खुलासा उद्या' असं झालं की तो राहिलाच. खुलाशात तीन गोष्टी यायला हव्यात: काय लपवलं, का लपवलं, आणि कमी शब्द आठवणं म्हणजे स्मरणशक्ती कमी असं नव्हे.

रोल नंबरने गट पाडणं

1 ते 30 एक गट, 31 ते 60 दुसरा. सोपं आहे आणि चुकीचं आहे. कित्येक कॉलेजांत हजेरीपटावर आधी मुली आणि मग मुलं असतात, काही ठिकाणी प्रवेशाच्या गुणांप्रमाणे क्रम लागतो. मग तुमचे गट प्रयोग सुरू होण्याआधीच वेगळे झाले. पुढचे बाक विरुद्ध मागचे बाक ही त्याहून मोठी चूक, कारण सांगायला नको. 60 चिठ्ठ्या डब्यात टाका, हलवा, पहिल्या 30 'अ' गट. पाच मिनिटं जातात, पण यादृच्छिक विभागणी म्हणजे काय ते डोळ्यांसमोर घडतं.

इथेच आणखी एक गोंधळ मिटवून टाका. अख्ख्या लोकसंख्येतून कोणालाही निवडले जाण्याची समान संधी देणं ही यादृच्छिक नमुना निवड. आहेत त्यांची गटांत वाटणी करणं ही विभागणी. वर्गातल्या प्रयोगात दुसरी गोष्ट असते, पहिली नसते. त्यामुळे 'महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांमध्ये असे दिसून येते' हे वाक्य अहवालातून सरळ खोडा.

हात वर करायला लावणं म्हणजे संमती नव्हे

अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांनी विचारलं, 'कोणाची हरकत आहे का?' हरकत कोण घेणार?

विद्यार्थी बहुधा 18 वर्षांखालचे असतात, म्हणून पालकांची सही हवी, हे माहीत असतं. ती घेतली की काम झालं, असं मात्र समजलं जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत, वर्गातल्या प्रात्यक्षिकाला ती थेट लागू होत नाहीत. पण मोजपट्टी म्हणून वापरायला उत्तम. त्यांत पालकांच्या संमतीबरोबरच 7 ते 12 वयाच्या मुलांची तोंडी आणि 12 ते 18 वयाच्या मुलांची लेखी स्वीकृती वेगळी मागितली आहे. म्हणजे सह्या दोन. वडील 'हो' म्हणाले आणि मुलगी 'नको' म्हणाली, तर उत्तर नको.

संमतिपत्र एका पानाचं असावं: काय करायचं आहे, किती मिनिटं, कशाचा त्रास होऊ शकतो, उत्तरं कोण पाहणार, कागद कधीपर्यंत ठेवणार, आणि माघार कशी घ्यायची. शेवटच्या मुद्द्यात बहुतेक पत्रकं चुकतात. 'कधीही माघार घेता येईल' असं लिहायचं आणि कागद बिननावाचे घ्यायचे, हे एकत्र जमत नाही. पेटीत पडलेला निनावी कागद परत शोधता येत नाही. 'कागद पेटीत टाकेपर्यंत माघार घेता येईल' असं खरं ते लिहा. सहभाग नको असलेल्यांना वेळ मोजणं, शब्द तपासणं अशी कामं द्या, गुण तेवढेच.

प्रश्नावली: सगळ्यात जास्त गडबड इथेच

भाषेच्या चुका आधी. 'तुम्ही रोज व्यायाम आणि ध्यान करता का?' हे दोन प्रश्न आहेत. 'नेहमी, कधीकधी, क्वचित' याचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा. त्याऐवजी 'गेल्या 7 दिवसांत किती दिवस?' विचारा. उत्तर सुचवणारी क्रियापदं किती फरक पाडतात हे दाखवायला लॉफ्टस आणि पामर यांचा 1974 चा प्रयोग पुरतो: 45 विद्यार्थी, अपघाताच्या त्याच चित्रफिती, प्रश्नात फक्त क्रियापद वेगळं. गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा वेगाचा अंदाज सरासरी ताशी 40.8 मैल, नुसत्या एकमेकींना लागल्या म्हटलं तेव्हा 31.8. वर्गात हे करून पाहायचं तर खऱ्या अपघाताचा व्हिडिओ लावू नका. कोणाच्या घरी काय घडून गेलंय आपल्याला माहीत नसतं. उतारावरून सोडलेल्या दोन खेळण्यातल्या गाड्यांचं 10 सेकंदांचं चित्रण पुरे. वेग 1 ते 10 मध्ये विचारा.

गुगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे का ते पाहा. नाव काढलं म्हणजे निनावी झालं असंही नाही. चाळीस जणांच्या वर्गात 'मुलगा, वय 18, वसतिगृहात राहतो, तालुका सांगोला' एवढ्यावर माणूस ओळखू येतो. प्रश्नाचा विश्लेषणात उपयोग नसेल तर तो विचारूच नका. जात आणि घरचं उत्पन्न हे दोन प्रश्न केवळ सवयीने घुसडले जातात.

आता नैराश्य, आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण. हे विषय मुलांना महत्त्वाचे वाटतात आणि ते आहेतही, पण विद्यार्थ्यांनी वर्गमित्रांवर करायच्या सर्वेक्षणाचे ते विषय नव्हेत. अडचण अशी: 'जगावंसं वाटत नाही' यापुढे खूण केलेला कागद हातात आला आणि त्यावर नाव नसेल तर मदत कोणाला करणार? नाव असेल तर गोपनीयतेचं वचन मोडावं लागणार, आणि तो कागद आधी सोळा वर्षांच्या वर्गमित्राने वाचलेला असणार. म्हणून न विचारणं हेच पद्धत म्हणूनही बरोबर. त्याऐवजी झोपेचे तास, अभ्यासाच्या सवयी, परीक्षेआधीची तयारी असे विषय द्या. तरीही एखाद्याने स्वतःहून काही सांगितलंच, तर त्याला एकटं सोडू नका, समुपदेशक आणि पालकांपर्यंत त्याच दिवशी पोचा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत आहे. हा क्रमांक प्रत्येक प्रश्नावलीच्या तळाशी छापलेला असू द्या.

प्रमाणित चाचण्यांच्या झेरॉक्सबद्दलही एक शब्द. स्वतःच मराठीत भाषांतर केलेल्या चाचणीला मूळ चाचणीची मानकं (गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ते ठरलेले आकडे) लागू होत नाहीत, त्यामुळे 'तुझा बुद्ध्यांक 92' हे वर्गात कोणालाही सांगायचं नाही.

निरीक्षणात मनातलं लिहिणं

एसटी स्टँडवर वीस मिनिटं उभं राहून 'लोक वैतागलेले होते' अशी नोंद करून आणतात. वैताग दिसत नाही. घड्याळ पाहणं, चौकशीच्या खिडकीशी जाणं दिसतं. तेच मोजायचं, खुणा करून. फोटो-व्हिडिओ नको, नावं नकोत. दोघांनी वेगवेगळ्या नोंदी कराव्यात: 50 प्रसंगांपैकी 42 जुळले तर सहमती 84 टक्के. फारच कमी जुळलं तर दोष मुलांचा नसतो, वर्तनाची व्याख्या ढिली असते.

पुस्तकाशी जुळणारा निकाल मागणं

पंधरा-पंधराच्या गटात फरक दिसलाच नाही, असं वारंवार होतं. मुलं घाबरतात आणि आकडे 'दुरुस्त' करतात, कारण गुण निकालाला मिळतात असा त्यांचा समज असतो, आणि कित्येकदा तो खरा असतो. मूल्यमापनाचा तक्ता पहिल्याच दिवशी द्या: मांडणी, नोंदी, मर्यादा यांना गुण, निकाल कोणत्या बाजूला लागला याला शून्य. कच्चे कागद अहवालाला जोडायला लावा. 'सिद्ध झाले' ऐवजी 'या गटात दिसले'. सहसंबंधावरून, म्हणजे दोन गोष्टी एकत्र बदलतात एवढ्यावरून, कारण काढलं असेल तर बुटाच्या मापाचं उदाहरण द्या: पहिली ते दहावीच्या मुलांत मोठ्या मापाचे बूट घालणारे जास्त चांगलं वाचतात, कारण ते वयाने मोठे असतात.

प्रकल्पांचे गुण जाहीर झाले की सहभागींच्या उत्तरांचे कागद फाडून टाका, फॉर्मवरचे प्रतिसाद आणि मुलांच्या फोनमधल्या प्रतीही पुसायला लावा. संमतिपत्रं तेवढी वेगळ्या फाइलमध्ये, कुलुपात.