गिटमध्ये फाइलींच्या परवानग्या आणि मालकी हुकद्वारे जपणे

गिट, म्हणजे फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन, फाइलीच्या परवानग्यांपैकी फक्त ती चालवता येते की नाही एवढेच नोंदवते; म्हणजे ६४४ (मालक लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात) किंवा ७५५ (शिवाय सर्वांना चालवताही येते). मालक, गट आणि ६०० सारखी (फक्त मालकालाच वाचू-लिहू देणारी) कडक परवानगी त्यात टिकत नाही. त्यामुळे सर्व्हरची ईटीसी निर्देशिका (/etc, जिथे सेटिंगच्या फाइली असतात) गिटमध्ये ठेवणाऱ्यांनी ही माहिती स्वतंत्रपणे जपणे आवश्यक आहे.

प्रथम प्री-कमिट हुक, म्हणजे प्रत्येक कमिटच्या (बदलांची नोंद करण्याच्या) आधी गिट आपोआप चालवते ती स्क्रिप्ट, लिहावा. त्याने गिटमधील प्रत्येक फाइलीची परवानगी, मालक व गट ‘स्टॅट’ आज्ञेने वाचून एका साध्या यादीत लिहावेत आणि ती यादी त्याच कमिटमध्ये समाविष्ट करावी. मालकाचा क्रमांक यंत्रागणिक बदलू शकतो, म्हणून नाव नोंदवणे बरे.

चेकआउट (नोंदवलेल्या फाइली निर्देशिकेत आणणे) आणि मर्ज (वेगळे बदल एकत्र करणे) यांनंतर चालणाऱ्या पोस्ट-चेकआउट आणि पोस्ट-मर्ज हुकांनी ही यादी वाचून आधी मालकी व नंतर परवानगी लावावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मालक बदलताना लिनक्स सेटयूआयडी बिट (फाइल तिच्या मालकाच्या अधिकारांनी चालवू देणारी खूण) काढून टाकू शकते. मालकी बदलण्यास रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार लागतात, म्हणजे हुक त्या अधिकारांनी चालतो. म्हणून यादीतील मजकूर आज्ञा म्हणून कधीही चालवू नये. चेकआउट आणि हुक यांच्यामधल्या क्षणात गोपनीय फाइल सर्वांना वाचता येऊ शकते, त्यामुळे यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या मर्यादित करणारी सेटिंग) ०७७, म्हणजे मालकाशिवाय कोणालाही परवानगी नाही, असा ठेवूनच चेकआउट करावे. माझ्या मते ही खबरदारी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते.

हुक क्लोनबरोबर (गिटमधील साठ्याची प्रत घेताना) येत नाहीत, त्यामुळे नव्या यंत्रावर ते आधी बसवावेत. हार्ड रीसेटनंतर (फाइली सक्तीने जुन्या नोंदीवर नेल्यावर) यांपैकी कोणताही हुक चालत नसल्याने परवानग्या लावणारी स्क्रिप्ट तेव्हा हाताने चालवावी. केवळ ईटीसीपुरतीच गरज असेल, तर ‘ईटीसीकीपर’ हे साधन हेच काम करते.