एकसारख्या दिसणाऱ्या टाइम ट्रायल फ्रेमची तुलना करताना या चुका टाळा

गोव्यात 2019 पासून आयर्नमॅन 70.3 ही पोहणे, सायकलिंग आणि धावणे अशी ट्रायथलॉन स्पर्धा सुरू झाल्यावर तिच्यातील 90 किलोमीटरच्या सायकलिंगची तयारी करणारे नाशिककर टाइम ट्रायलच्या, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवण्याच्या सायकलींच्या, दोन-तीन कार्बन फ्रेमची छायाचित्रे शेजारी ठेवून ‘यातली कोणती घेऊ’ असे विचारू लागले. दिसायला या फ्रेम खरोखरच सारख्या असतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘मीडियम’ हा शब्द पाहून माप जुळले असे समजणे. त्यापुढे जाऊन स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासूनची, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो तिथपासूनची उभी उंची) आणि रीच (तिथपासूनचे आडवे अंतर) पाहणारेही फसतात, कारण हे आकडे हँडल ज्या नळीत बसते त्या हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतच पोहोचतात, तर टाइम ट्रायलच्या बैठकीत आपला भार कोपरांखालच्या आर्म पॅडवर येतो. समजा, एका फ्रेमचा स्टॅक 500 मिलिमीटर आहे आणि तिच्या स्वतःच्या स्टेम-बेसबारमुळे (हँडल धरणारा जोड आणि मुख्य हँडल) पॅड त्याच्यावर किमान 80 मिलिमीटर येतात. दुसरीचा स्टॅक 520 आहे, पण पॅड 50 मिलिमीटरवरच बसतात. कागदावर बुटकी असलेली पहिली फ्रेम पॅडच्या उंचीत 580 वर जाते आणि उंच वाटणारी दुसरी 570 वर राहते. म्हणून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून पॅडपर्यंतची उभी आणि आडवी, अशी दोन अंतरे आधी फिटिंगमध्ये ठरवून घ्यावीत आणि मगच ती कोणत्या फ्रेमच्या मर्यादेत बसतात ते पाहावे. त्र्यंबक रस्त्यावर अर्ध्या तासात मान आखडू लागली, तर रोड बाइकवर स्टेम बदलून भागते. स्टेम फ्रेममध्येच सामावलेला असेल, तर तो मार्ग बहुधा बंद असतो.

‘ही फ्रेम इतके वॅट वाचवते’ हे आकडे दोन कंपन्यांच्या पत्रकांतून उचलून एका तक्त्यात मांडू नयेत. वाऱ्याचा वेग, त्याचा कोन, सायकलवर स्वार किंवा पुतळा होता की नाही, बाटल्या लावल्या होत्या की नाही, हे सगळे प्रत्येकाचे वेगळे असते. शिवाय हवेच्या विरोधाचा मोठा वाटा स्वाराच्या शरीराचा असतो, त्यामुळे न पेलणाऱ्या बैठकीत फ्रेमने वाचवलेले वॅट हातचे निघून जातात. वजनाबाबत एवढेच पाहावे की दिलेला आकडा रंगासह आहे की रंगाविना, आणि त्यात फोर्क व सीटपोस्ट (सीटची दांडी) धरले आहेत का.

सायकलिंग संघटनेच्या टाइम ट्रायलमध्येही उतरायचे असेल, तर फ्रेमवर यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या मान्यतेची खूण शोधावी. ही पद्धत 2011 मध्ये सुरू झाली. पाणी आणि खाऊ ठेवण्याचे मोठे कप्पे अंगातच असलेल्या काही फ्रेम केवळ ट्रायथलॉनसाठी बनवलेल्या असतात; त्यांच्यावर ही खूण बहुधा नसते.

सुट्या भागांचा विचार मात्र लोक शेवटी करतात, आणि मीही तीच चूक केली. मी घेतलेल्या वापरलेल्या फ्रेमचा चपटा सीटपोस्ट गंगापूर धरणापर्यंतच्या एका फेरीत जवळजवळ 8 मिलिमीटर खाली सरकला. गुडघ्यापुढे दुखू लागले, तेव्हा कुठे माझ्या ते ध्यानात आले. अशा वेळी स्क्रू अंदाजाने आवळत राहिल्यास कार्बनला तडा जाऊ शकतो. सीटपोस्ट बाहेर काढून तो आणि नळीचा आतला भाग कोरड्या कापडाने स्वच्छ पुसावा, ग्रीसऐवजी बारीक कण असलेली कार्बन पेस्ट लावावी आणि फ्रेमवर छापलेल्या टॉर्कइतकेच (आवळण्याच्या जोराइतकेच) टॉर्क रेंचने आवळावे. त्यानंतर नळीच्या तोंडाशी सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करून पुन्हा तेवढेच अंतर चालवून पाहावे. खूण तरीही नळीत शिरत असेल, तर दोष बहुधा आतल्या वेजमध्ये, म्हणजे सीटपोस्ट आवळून धरणाऱ्या पाचरीत असतो, आणि हा वेज अनेकदा त्या एकाच मॉडेलला बसतो. माझ्या फ्रेमचे उत्पादन थांबलेले असल्याने तो मिळवायला मला चार महिने लागले. म्हणून दोन फ्रेम मापात तोडीस तोड ठरल्या, की वेज, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि बॉटम ब्रॅकेट यांची नावे लिहून दुकानदाराला दाखवावीत आणि ज्या फ्रेमचे हे तिन्ही भाग आज मागवता येतात, तीच घ्यावी.