आरव्हीजीचे एक्स्पोजर स्वतः कसे ठरवावे

आरव्हीजी म्हणजे फिल्मऐवजी सेन्सरवर काढलेला दातांचा डिजिटल एक्स-रे. त्यासाठी किती किरण द्यायचे, म्हणजेच एक्स्पोजर, हे आपल्याला ठरवता येते. फिल्मच्या काळात जास्त झालेले एक्स्पोजर लपत नसे. फिल्म काळीकुट्ट निघे आणि चूक डोळ्यांसमोर येई. डिजिटल सेन्सरच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअर प्रतिमेचा उजेड स्वतःच सावरून घेते, त्यामुळे गरजेच्या दुप्पट किरणांची मात्रा दिली तरी चित्र देखणेच दिसते, किंबहुना अधिक गुळगुळीत दिसल्याने डॉक्टरांना तीच सेटिंग आवडू लागते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात यंत्र बसवणाऱ्याने दाढेसाठी 0.32 सेकंद लावून दिले होते आणि मीही ते बरेच महिने तपासले नाहीत. तपासायला एक रिकामी दुपार पुरते.

काढलेली, निर्जंतुक केलेली एक दाढ घ्यावी. शेजारच्या दाताकडील बाजूस नुकतीच सुरू झालेली कीड असेल तर उत्तम. तिच्या मुळातल्या एका कॅनालमध्ये (पोकळ नळीत) टोकापर्यंत 15 नंबरची फाईल, म्हणजे कॅनाल साफ करायची बारीक सुई, सरकवून दाढ मेणात उभी करावी, मागे सेन्सर लावावा आणि पुढे गालाच्या जागी दीड सेंटिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा ठोकळा ठेवून यंत्राचा कोन (किरण बाहेर पडतात ते पुढचे नळकांडे) त्याला टेकवावा. यानंतर काहीही हलवू नये. केव्ही (ट्यूबचा विद्युतदाब) आणि एमए (तिच्यातला प्रवाह) तेच ठेवून फक्त वेळ उतरवत जावी: 0.32, 0.25, 0.20, 0.16, 0.12, 0.10, 0.08. सॉफ्टवेअरमधील धार वाढवणारे फिल्टर आधी बंद करावेत, नाहीतर आपण सेन्सर नव्हे, फिल्टर तपासत बसतो.

चित्रे वेळ झाकून, क्रम बदलून सहकाऱ्याला दाखवावीत. ‘कोणते छान दिसते’ असे विचारू नये. फाईलचे टोक नेमके कुठे संपते आणि कीड इनॅमल ओलांडून डेंटिनमध्ये शिरली आहे का, एवढेच विचारावे. वेळ कमी झाली की सेन्सरपर्यंत पोहोचणारे किरण घटतात आणि चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात. आमच्याकडे 0.12 ला फाईलच्या टोकाबद्दल दुमत झाले, 0.16 ला दोन्ही उत्तरे निःशंक मिळाली. बाकी सारे तेच असताना मात्रा वेळेच्याच प्रमाणात बदलते, म्हणजे ती सरळ निम्म्यावर आली. मात्र या दाढेभोवती जबड्याचे हाड नसते, म्हणून वरच्या दाढांसाठी एक पायरी वर राहावे. पुढचे दात आणि लहान मुले यांच्यासाठी खाली यावे.

अशा एका चित्राची मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट असते, तर निसर्गातून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण 6 ते 7 मायक्रोसिव्हर्ट मिळतात. रुग्णाला घाबरवण्यासारखे यात काही नाही. पण रूट कॅनालला चार-पाच चित्रे लागतात, आणि त्यातली प्रत्येक दुप्पट मात्रेने घेण्याला कोणतेही कारण नाही.

ठरवलेली वेळ कोन गालाला टेकलेला असेल तरच खरी. फोकसपासूनचे, म्हणजे ट्यूबमध्ये किरण जिथून निघतात त्या बिंदूपासूनचे, 20 सेंटिमीटर अंतर 25 झाले, तर तीव्रता 64 टक्क्यांवर उतरते, चित्र दाणेदार येते आणि सहायक वेळ वाढवून मोकळा होतो. गोल कोनाऐवजी आयताकृती कॉलिमेटर (किरणांचा झोत सेन्सरच्या आकारापुरता ठेवणारी चौकट) लावल्यास सेन्सरबाहेर पडणारे वाया किरण बरेचसे अडतात आणि विखुरलेले किरण घटून चित्रही स्वच्छ होते. फक्त सेन्सरचा होल्डर नीट धरायची सवय लागेपर्यंत चित्राच्या कडा कापल्या जातात. पुन्हा काढावे लागलेले चित्र ही सर्वांत महाग मात्रा होय.

ओपीजीचे, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एकाच मोठ्या एक्स-रेचे, दुखणे वेगळे आहे. आमच्याकडे लग्नसराईत ठसठशीत कर्णफुले आणि कोल्हापुरी साज घालूनच बायका येतात. डाव्या कानातल्या दागिन्याची फिकट, मोठी सावली उजव्या जबड्यावर जरा वर उमटते आणि सगळे पुन्हा करावे लागते. दागिने काढायला आधीच, खुर्चीवर असतानाच सांगावे.

ठरलेल्या वेळांचा तक्ता बटणाशेजारी चिकटवावा. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांनुसार होणारी यंत्राची गुणवत्ता तपासणी वेगळी असते, हा प्रयोग तिची जागा घेत नाही. ती मेणातली दाढ मात्र फेकू नये. दर सहा महिन्यांनी त्याच सेटिंगवर तिचे चित्र काढून पहिल्याशी ताडून पाहावे, आणि दाणे वाढलेले दिसले तर वेळेच्या बटणाला हात लावण्याआधी सेन्सर व ट्यूब तपासून घ्यावी.